लाकडी घड्याळाचे गिअर: सागवान की प्लाय?
घरच्या सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणारं लाकूड कापायचं यंत्र) घड्याळ कापायचं तर पहिला प्रश्न हाच. गडचिरोलीतल्या आलापल्लीचा सागवान दिसायला एक नंबर, तेल लावलं की लाकडाच्या रेषा अशा उठतात की हात फिरवत राहावं वाटतं, पण चाकाच्या दोन बाजूंना दात रेषेला आडवे येतात अन् तेच टपकन तुटतात, वरून त्यातल्या सिलिकानं ३ मिमीचा बिट (राउटरचं कापायचं पातं) लवकर बोथट होतो. प्लायचे थर आडवे-उभे, म्हणून दात सगळीकडे सारखे मजबूत, अन् आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या मे महिन्यातून एकदम पावसाळी दमटपणात गेलं तरी चाक गोलच राहते, सागवानाचं मात्र आडवं फुगून लंबगोल होते अन् घड्याळ अडकते. प्लाय बर्च झाडाच्या लाकडाचाच घ्या, स्वस्तातल्यात आत पोकळी निघते. लंबकाची दांडी मात्र सागवानाचीच बरी, लांबीत लाकूड फारसं फुगत नाही.