आडवी बाटली: सह्या फक्त बायकांच्या घ्यायच्या की अख्ख्या गावाच्या?

गावातलं परवान्याचं दारू दुकान मतदानानं बंद करायचं, म्हणजे बाटली आडवी करायची, तर आधी सह्यांचा अर्ज लागतो. 2008च्या सरकारी आदेशानं त्यासाठी दोन वाटा ठेवल्यात. एक, महिला मतदारांपैकी किमान 25 टक्क्यांच्या सह्या. दुसरी, बाया-पुरुष मिळून सगळ्या मतदारांपैकी 25 टक्क्यांच्या.

समजा गावात 2,500 मतदार आहेत, त्यांत 1,200 बायका. पहिल्या वाटेला 300 सह्या, दुसरीला 625. बचत गटाच्या बायका चार संध्याकाळी घरोघर फिरल्या की 300 होतात. सह्यांपुरता प्रश्न तिथंच मिटतो.

खरी मेख मतदानात आहे. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि ही निम्मी झालेल्या मतदानाची नव्हेत, यादीतल्या नावांची. पहिल्या वाटेनं फक्त बायकाच मत देतात, म्हणून 601; दुसरीनं 1,251. आता यादी उघडून बघा: लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी, पुण्याला कामाला लागलेली पोरं, दोन वर्षांपूर्वी वारलेली आजी. ही सगळी नावं केंद्रावर न येताच उभ्या बाटलीच्या, म्हणजे दुकान चालू ठेवण्याच्या, कामी येतात. 1,200पैकी 900 बायका आल्या (एवढ्या आल्या तर खूपच झालं) तरी त्यांतल्या तिघींमागे दोघींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हे बरोबर उलटं आहे. तिथं नागरिकांना कायदा मतदानाला आणायचा तर गेल्या गव्हर्नर निवडणुकीत झालेल्या मतांच्या 5 टक्के सह्या, राज्यघटनेत दुरुस्ती हवी तर 8 टक्के, आणि मुदत 180 दिवस. सध्या हे आकडे साडेपाच लाख आणि पावणेनऊ लाखांच्या घरात आहेत. पण एकदा मतपत्रिकेवर आलं की पडलेल्या मतांचं साधं बहुमत पुरतं. त्यांचा उंबरठा दारात, आपला माजघरात.

म्हणून माझं मत बायकांच्या वाटेला. सगळ्या मतदारांची वाट मी एकाच गावाला सुचवेन: जिथं पुरुष स्वतः पुढं होऊन सह्या गोळा करतायत. नुसते ‘आमचा पाठिंबा आहे’ म्हणणारे धरू नका.

सह्या मात्र 300वर थांबवू नका, साडेचारशेपर्यंत न्या. पडताळणीच्या दिवशी कुणी मजुरीवर असते, कुणाला नवरा घराबाहेर पडू देत नाही, कुणाचं नाव यादीत वेगळंच छापलेलं असतं. प्रत्येक सहीपुढं यादीतला अनुक्रमांक तेव्हाच लिहून घ्या. आणि हातभट्टीचा त्रास असेल तर हा खटाटोप करूच नका. हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतं आहे, हातभट्टीसाठी पोलिसांकडंच जावं लागतं.

ऊसतोडीला जाणारं गाव असेल तर टोळ्या परतल्या की लगेच अर्ज द्या. दिवाळीनंतर मतदान लागलं तर निम्म्या घरांना कुलूप असेल.