भूगोल मेजर घ्यायचंय? रत्नागिरीत इथे जाऊन या
बहिणीला बारावीनंतर भूगोलच घ्यायचा होता, घरी सगळ्यांचं एकच, पुढे करणार काय, म्हणून मारुती मंदिरजवळच्या एका करिअर गायडन्सवाल्या मॅडमकडे नेलं. त्यांनी थेट सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, टेबलावर पसरली, म्हणाल्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून सांग सडा (कातळाचं पठार) कुठे नि खाडी कुठे, आणि पोरीने बरोबर बोट ठेवलं! मग म्हणाल्या मायनरला, म्हणजे जोडविषयाला, स्टॅटिस्टिक्स मिळालं तर सोडू नको, जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे नि त्यांची माहिती हाताळणं, पहिल्या वर्षापासून शीक, त्याचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि कॉलेजात फील्डवर्क खरंच होतं का ते अ‍ॅडमिशनआधी विचार. फी जरा जास्त आहे, पण कुठलंच कॉलेज गळ्यात मारत नाहीत. नक्की जा, मुलांना बोलू द्या.