हाइनोनेन यांचं मेट्रिक स्पेसवरचं पुस्तक : पहिल्या प्रकरणातच पैसे वसूल

युहा हाइनोनेन यांचं ‘लेक्चर्स ऑन अ‍ॅनालिसिस ऑन मेट्रिक स्पेसेस’ (स्प्रिंगर, 2001) जेमतेम दीडशे पानांचं आहे. मेट्रिक स्पेस म्हणजे असा संच, जिथं कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर ठरवून दिलेलं असतं; त्या अंतराच्या नियमाला मेट्रिक म्हणतात. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करताना लेबेग मेझर (लांबी, क्षेत्रफळ, घनफळ यांचं व्यापक रूप) झालं असेल आणि युक्लिडच्या नेहमीच्या स्पेसबाहेर त्यातलं काय टिकतं ते बघायचं असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

पहिलं प्रकरण कव्हरिंगचं, म्हणजे बॉल्सनी संच झाकण्याचं, आणि तेच सर्वांत मोलाचं. बॉल म्हणजे एका केंद्रापासून त्रिज्येइतक्या अंतरातले सगळे बिंदू. पाचपटीच्या लेमाला मेझर लागतच नाही. बॉल्सच्या कुठल्याही समूहातून एकमेकांना न शिवणारे बॉल्स असे निवडता येतात, की त्यांची त्रिज्या पाचपट केल्यावर मूळचे सगळे बॉल्स झाकले जातात. पाचच का? निवड मोठ्या बॉल्सपासून होते आणि दर टप्प्याला त्रिज्या निम्म्यावर येते. त्यामुळे वगळलेला बॉल आपल्या निम्म्याहून लहान नसलेल्या एखाद्या निवडलेल्या बॉलला शिवतोच. निवडलेल्याची त्रिज्या 1 धरा. वगळलेल्याची फार तर 2, म्हणजे व्यास 4. एक आणि चार, पाच.

त्रिज्यांना वरची मर्यादा हवी, ही अट मात्र लिहायची राहून जाते. सरळ रेषेवर शून्याभोवती 1, 2, 3 अशा वाढत्या त्रिज्येचे बॉल्स घेऊन बघा. कुठलेही दोन एकमेकांना शिवतात, म्हणून एकच निवडता येतो, आणि त्याला पाचपट केलं तरी रेषा उघडीच राहते.

मेझर येतं ते डब्लिंगच्या अटीतून: त्रिज्या दुप्पट केली की मेझर एका ठरलेल्या पटीहून जास्त वाढू नये. प्रतलावर ही पट 4. हायझेनबर्ग ग्रुपवर (त्रिमितीय स्पेस, पण अंतर मोजायची रीत वेगळी) 16, कारण तिथं मिती 3 असली तरी बॉलचं मेझर त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतं. पाचपट ही तीनदा केलेल्या दुपटीच्या आत बसते, म्हणून 16 चा घन, 4096, ही ढोबळ मर्यादा मिळते. नेमकी पट 625. आकडा मोठा असला तरी चालतो, फक्त सगळ्या बॉल्सना तोच लागू हवा. तेवढ्यावर व्हिटालीचं प्रमेय (एकमेकांना न शिवणाऱ्या बॉल्सनी संच जवळजवळ पूर्ण झाकता येतो) आणि लेबेगचं डिफरन्सिएशन (बॉल लहान करत नेला की फलनाची त्यावरची सरासरी जवळजवळ प्रत्येक बिंदूवर फलनाच्या किमतीकडे जाते) दोन्ही सिद्ध होतात. सिद्धता आटोपशीर आहेत आणि बरंचसं काम स्वाध्यायांवर सोडलेलं आहे, तेव्हा कागद-पेन घेऊनच बसावं.

डब्लिंग नसलेल्या मेझरसाठी बेसिकोविचचं कव्हरिंग लागतं: बॉल्सची अशी निवड, की सगळी केंद्रं झाकली जातील, पण कुठलाही बिंदू एका ठरलेल्या संख्येहून (हा बेसिकोविचचा स्थिरांक) जास्त बॉल्समध्ये येणार नाही. तो या पुस्तकाचा मुख्य विषय नाही, म्हणून त्याची अडचण इथं सांगतो. समजा, एका रस्त्यावरच्या गावाहून दुसऱ्या रस्त्यावरच्या गावाला जाताना बेळगावच्या सीबीटीवरच (मध्यवर्ती बसस्थानकावर) बस बदलावी लागते. खानापूर, चंदगड, बैलहोंगल, गोकाक, सगळे रस्ते तिथं मिळतात. रस्ता एकच असेल तर अंतरांची वजाबाकी, वेगळे असतील तर बेरीज. प्रत्येक रस्त्यावर सीबीटीपासून 1 अंतरावर एक थांबा घ्या आणि त्याभोवती 1 त्रिज्येचा बंदिस्त (कडेसकट) बॉल. सीबीटी सगळ्या बॉल्समध्ये येतं, पण एका थांब्याच्या बॉलमध्ये दुसरा थांबा येत नाही, कारण त्यांच्यातलं अंतर 2. म्हणजे एकही बॉल गाळता येत नाही. रस्ते अनंत असतील तर बेसिकोविचचा स्थिरांक उरतच नाही.

तरीही रस्ते गणनीय (1, 2, 3 असे क्रमानं मोजता येणारे) असले तर डिफरन्सिएशन टिकतं! डेव्हिड प्रीस यांनी 1983 मध्ये दाखवलं, की पूर्ण आणि सेपरेबल स्पेसमध्ये प्रत्येक स्थानिक-सांत मेझरसाठी डिफरन्सिएशन चालण्याची नेमकी अट म्हणजे स्पेस ‘सिग्मा-फायनाइट डायमेन्शनल’ असणं, म्हणजे ढोबळमानानं तिचे असे गणनीय तुकडे करता येणं, की प्रत्येक तुकड्यावर केंद्र असलेल्या लहान बॉल्ससाठी तसा स्थिरांक मिळतो. इथं एकेक रस्ता वेगळा घेतला की ती अट पुरी होते. अट मोडली तर काय होतं, त्याची चुणूक रॉय डेव्हिस यांच्या 1971 च्या उदाहरणात दिसते: एका कॉम्पॅक्ट मेट्रिक स्पेसवर दोन वेगळी मेझर्स, आणि प्रत्येक बॉलवर दोन्हींची किंमत सारखी.

मेट्रिक बदललं की निकालही बदलतो. हायझेनबर्ग ग्रुपवर नेहमीच्या कार्नो-काराथेओडोरी अंतरानं (फक्त ठरावीक दिशांनी जाणाऱ्या सर्वांत लहान वाटेची लांबी) बेसिकोविच फसतं. ले डोने आणि रिगो यांच्या 2017 च्या लेखात त्याच ग्रुपवर ते चालवणारी होमोजीनियस अंतरं (ग्रुपच्या सरकवण्यानं न बदलणारी आणि त्याच्या मोठं-लहान करण्याशी जुळणारी) आहेत. हाइनोनेनची पहिली दोन प्रकरणं स्वाध्यायांसकट झाली की तो लेख उघडावा. तिसऱ्या प्रकरणापासून पुस्तक सोबोलेव्ह स्पेसकडे (व्यापक अर्थानं डेरिव्हेटिव्ह असलेल्या फलनांकडे) वळतं. फक्त डिफरन्सिएशन हवं असेल तर ते नंतरसाठी ठेवलं तरी चालेल.