नाफ्प्लियोत मोजके तास: पालामिडी की जुनं गाव?

ग्रीसमधल्या या बंदराच्या गावी मोठी क्रूझ बाहेरच नांगर टाकते आणि छोट्या बोटीने धक्क्यावर सोडते, त्यामुळे वेळ बेताचाच. पालामिडी हा व्हेनिसवाल्यांनी १७११ ते १७१४ दरम्यान बांधलेला डोंगरी किल्ला. पायऱ्या ९९९ म्हणतात. खऱ्या त्याहून कमी, पण उन्हात मोजतो कोण! टॅक्सीही वर जाते. नजारा झकास, सावलीच्या नावाने बोंब.

गावात संगमरवरी फरशीचा सिंटाग्मा चौक आणि सेंट स्पिरिडॉनचं इवलंसं चर्च. ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांचा १८३१ मध्ये याच्याच दारात खून झाला. दाराजवळ भिंतीत गोळीची म्हणून दाखवतात ती खूण काचेआड जपली आहे. माझं मत गावालाच. पण गुडघे धड असतील तर पहिल्याच बोटीने उतरा आणि ऊन चढायच्या आत किल्ला उरका.