नावाखालच्या तीन ओळी : एका सन्मानचिन्ह सेवेविषयी

अमेरिकेतील आमच्या महाविद्यालयीन महिला आइस हॉकी क्लबसाठी खिलाडूवृत्ती आणि नेतृत्व या दोन सन्मानांची लाकडी चिन्हे यंदा एका ऑनलाइन सेवेकडून करून घेतली.

या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नावाखाली कारण कोरण्यासाठी मिळणाऱ्या तीन ओळी. गोल आणि असिस्ट (गोल करणारीला दिलेला पास) यांची नोंद सामन्याच्या गुणपत्रकात राहतेच. परंतु क्लब संघात खेळाडू स्वतः वर्गणी भरतात, बर्फाच्या मैदानावर खेळण्याच्या वेळा आणि प्रवास बहुतेकदा त्याच ठरवतात, त्यामुळे जर्सीवर कर्णधाराचे 'सी' अक्षर नसलेली एखादी विद्यार्थिनीही संघ उभा ठेवत असते आणि तिचे ते काम कोठेही लिहिले जात नाही. खिलाडूवृत्ती तर केवळ पेनल्टीच्या, म्हणजे शिक्षा म्हणून खेळाबाहेर बसण्याच्या, मिनिटांवरून मोजणे मला अन्यायाचे वाटते; महिलांच्या महाविद्यालयीन हॉकीत बॉडीचेकिंगला, म्हणजे अंगाने धडक देऊन प्रतिस्पर्ध्याला अडवण्याला, शिक्षा होते आणि गोलजवळ झुंजणाऱ्या बचावपटूच्या वाट्याला ती अधिक येते. पडलेल्या प्रतिस्पर्धी खेळाडूसाठी थांबणारी मुलगी आम्ही निवडली आणि तेच शब्द कोरून घेतले.

एक उणीव गंभीर होती. नमुन्यातील सर्व आकृत्या पुरुष खेळाडूंच्या होत्या. विनंती केल्यावर त्यांनी एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या हॉकीच्या काठ्या आणि पक (चेंडूऐवजी वापरली जाणारी रबरी चकती) असे चिन्ह विनातक्रार करून दिले, तरी महिला गोलरक्षकाची आकृती मुळातच असायला हवी होती. अक्षरे सुबक आहेत. चिन्हामागचा खिळा मात्र कच्चा निघाला. पुढील हंगामाचे काम मी त्यांनाच देणार आहे.