जमिनीत कुजणारा मल्चिंग पेपर : कलिंगडाला घ्यावा, मिरचीला थांबावे

कलिंगडाचा हंगाम संपला की वेल उपटून टाकता येतात आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवता येतात, पण तण दाबण्यासाठी बेडवर (गादीवाफ्यावर) अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर सगळाच्या सगळा कधीच निघत नाही. कडा मातीत दाबलेल्या असतात, ओढताना त्या तिथेच तुटतात आणि पुढच्या रोटाव्हेटरखाली त्यांचे बारीक तुकडे होऊन जमिनीत पसरतात. जो निघतो त्याला इतकी माती चिकटलेली असते की भंगारवाले तो घेत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी तो बांधावर पेटवला जातो. या अडचणीवर उपाय म्हणून जमिनीत कुजणारा पेपर आता कृषी सेवा केंद्रांत मागणीनुसार मिळू लागला आहे. जुन्नर तालुक्यातील आमच्या मध्यम काळ्या जमिनीत आम्ही तो उन्हाळी कलिंगडाला आणि लगतच्या तुकड्यात मिरचीला वापरला. बनवणारा कारखाना लहान आहे आणि आमचा अनुभव एका शेतापुरता आहे, म्हणून नाव देत नाही. हे परीक्षण या प्रकारच्या मालाचे आहे.

आधी वजनाचा हिशेब, कारण खरेदीत पहिली फसगत तिथेच होते. चार फूट रुंद आणि ४०० मीटर लांब असा २५ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा साधा पॉलिथिनचा रोल सुमारे ११ किलो भरतो. तेवढ्याच लांबी-रुंदीचा १५ मायक्रॉनचा कुजणारा रोल मात्र सुमारे ९ किलोचा असतो. जाडी चाळीस टक्क्यांनी कमी होऊनही वजन फक्त दोन किलोंनी उतरते, कारण पॉलिथिनची घनता (पाण्याची १ धरून) ०.९२ च्या आसपास असते, तर ज्या पीबीएटी नावाच्या पॉलिस्टरपासून हा पेपर बनतो त्याची १.२५ च्या पुढे असते. त्यामुळे दोन्ही मालांच्या किलोच्या भावांची तुलना करण्यात अर्थ नाही. भाव मीटरवर विचारावा. पाच फुटांवर बेड धरल्यास एकराला साडेसहा ते सात रोल लागतात. मीटरवर हिशेब केला तरी आम्हाला हा पेपर साध्याच्या दुपटीहून महाग पडला. पेपर काढण्याची मजुरी वाचते, पण ती या फरकाचा काही भागच भरून काढते.

घनतेच्या याच फरकामुळे खरेदीपूर्वी एक सोपी तपासणी करता येते. पेपरचा नखाएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने काढून टाकावेत. तुकडा वर येऊन तरंगू लागला तर तो पॉलिथिनचा आहे, मग पुडक्यावर काहीही छापलेले असो. बुडाला म्हणजे मात्र लगेच खात्री धरू नये, कारण चुनखडीची भुकटी भरलेले पॉलिथिनही बुडू शकते. दुकानात आम्हाला आधी दाखवलेला स्वस्त ‘बायोडिग्रेडेबल’ नमुना तरंगला. पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळून ते उन्हात ठिसूळ होईल अशी सोय केलेला मालही बाजारात असतो. त्याचे तुकडे होतात, पण तुकडे होणे म्हणजे कुजणे नव्हे. अशा ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास युरोपीय संघाने २०२१ पासून बंदी घातली आहे.

खरा पेपर जमिनीत का कुजतो, हे समजून घेतले तर तो कुठे कमी पडेल हेही कळते. पॉलिथिनची साखळी कार्बनला कार्बन जोडून बनलेली असते आणि तिच्यात सूक्ष्मजीवांच्या विकरांना (एन्झाइम्सना) धरायला जागाच नसते. पीबीएटीच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध, म्हणजे ऑक्सिजनमधून जाणारे सांधे, असतात. बुरशी आणि जिवाणू बाहेर सोडत असलेली विकरे ते बंध तोडतात आणि सुटलेले लहान रेणू सूक्ष्मजीव अन्न म्हणून घेतात. हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी कार्बन-१३ या समस्थानिकाची खूण केलेले पीबीएटी मातीत पुरले आणि तो कार्बन बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये तसाच सूक्ष्मजीवांच्या शरीरातही सापडल्याचे २०१८ मध्ये दाखवून दिले. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण पेपर ‘दिसेनासा झाला’ यावर समाधान न मानता तो कुठे गेला याचा त्यांनी माग काढला.

साखळीची हालचालही तितकीच महत्त्वाची आहे. पीबीएटी उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच काचेसारखे कडक होते, म्हणजे आपल्या जमिनीच्या तापमानाला त्याच्या साखळ्या मोकळ्या असतात आणि विकरांना आत शिरता येते. ताठपणासाठी त्यात मिसळले जाणारे पीएलए हे दुसरे पॉलिस्टर ५५ ते ६० अंशांखाली कडकच राहते. ते औद्योगिक कंपोस्टच्या ढिगात, ५८ अंशांच्या उष्णतेत, झपाट्याने कुजते. शेतात मात्र फार सावकाश. आपल्याकडे असा माल विकण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जे प्रमाणपत्र लागते, ते आयएस १७०८८ या कंपोस्टच्या मानकावर आधारलेले आहे. ते खरे असले तरी शेतातल्या मातीबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी युरोपचे ईएन १७०३३ हे २०१८ चे मानक पाहावे लागते. त्यात २० ते २८ अंश तापमानाच्या मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के कुजणे अपेक्षित आहे, आणि रोपे, गांडुळे व नत्रीकरण करणारे जिवाणू यांच्यावरील परिणामही तपासले जातात.

आमच्या कारखानदाराने फोनवर सरळपणे सांगितले की मातीतल्या चाचणीचे प्रमाणपत्र त्याने विकत घेतलेल्या कच्च्या मालाच्या दाण्याचे आहे, तयार पेपरचे नाही. ही अडचण बहुतेक लहान उद्योगांची असणार. परदेशी प्रयोगशाळेतली दीर्घ चाचणी प्रत्येक जाडीच्या आणि रंगाच्या पेपरसाठी करून घेणे त्यांना परवडत नाही. पण चंदेरी रंगाचा मास्टरबॅच (रंग देण्यासाठी मिसळला जाणारा दाट रंगाचा दाणा) कशात मिसळून आला आहे, यावर बरेच अवलंबून असते. तो पॉलिथिनमध्ये कालवलेला असेल तर तेवढे पॉलिथिन जमिनीत राहणारच. हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

आता प्रत्यक्ष शेतातले. पेपर हाताला मऊ लागतो आणि साध्या पेपरइतका ताणून अंथरला तर छिद्रांपाशी फाटतो, म्हणून ट्रॅक्टरच्या यंत्राचा ताण कमी करावा लागला. कलिंगडाच्या पूर्ण काळात तो बेडवर टिकला, तण दबले आणि फळे मातीला न लागता स्वच्छ निघाली. लव्हाळा हे टोकदार तण मात्र त्यातून सुईसारखे वर आले. ते साध्या पेपरलाही भोके पाडते, पण इथे ती भोके लवकर रुंदावली. चंदेरी बाजूचा परावर्तित प्रकाश फुलकिड्यांना दूर ठेवतो म्हणून मिरचीला हा पेपर आकर्षक वाटतो, पण मिरची दीर्घ मुदतीची आहे. माती आणि हवा जिथे भेटतात त्या रेषेवर ओल, उष्णता आणि सूक्ष्मजीव एकत्र येतात आणि पेपर आधी तिथेच झिजतो. आमच्या मिरचीत तोडे चालू असतानाच कडा सुटल्या आणि वरचा पेपर वाऱ्याने फडफडू लागला. कारखान्याने चार महिन्यांची मुदत तोंडी सांगितली होती. पुडक्यावर ती नव्हती.

पुडक्यावरचा मजकूर हीच या मालाची सर्वांत कच्ची बाजू आहे. इंग्रजीत ‘शंभर टक्के बायोडिग्रेडेबल’ एवढेच मोठ्या अक्षरांत आहे. कुठे, किती उष्णतेत, किती ओलीत आणि किती काळात, यातले काहीही नाही. उत्पादनाची तारीखही नाही, आणि ती तर अत्यावश्यक आहे, कारण एस्टर बंध दमट हवेतही हळूहळू तुटतात आणि गोदामात पावसाळा काढलेला रोल शेतात पोचण्याआधीच कमजोर झालेला असू शकतो. चार ओळी मराठीत छापायला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज लागत नाही.

पीक निघाल्यावर पेपर गाडण्याची वेळही सांभाळावी लागते. कोरड्या, तापलेल्या उन्हाळी जमिनीत सूक्ष्मजीवांचे काम जवळजवळ थांबते. कलिंगडानंतर लगेच रोटाव्हेटर मारलेल्या पट्ट्यात तुकडे पावसापर्यंत जसेच्या तसे दिसत होते. उरलेल्या पट्ट्यांवर वळवाच्या पावसानंतर वाफसा (मशागतीजोगी ओल) आल्यावर शेणखत टाकून पेपर मिसळला, तिथे रब्बीच्या मशागतीत हाताला फक्त काही मऊ चिंध्या लागल्या. कमी मुदतीच्या कलिंगड-खरबुजासाठी, तेही पावसाच्या तोंडावर जमीन मोकळी होणार असेल तर, मी हा पेपर पुन्हा घेईन. मिरची आणि टोमॅटोला सध्या ३० मायक्रॉनचा साधा जाड पेपर वापरून तो काळजीपूर्वक, सबंध काढून घेणे मला अधिक योग्य वाटते. चीनमध्ये अतिपातळ पेपरचे तुकडे शेतांत इतके साचले की २०१८ पासून तिथे किमान जाडी ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन, करावी लागली. आपल्या दुकानांत कमी भावासाठी सर्वांत पातळ साधा रोल मागणाऱ्यांनी आणि तो विनातक्रार देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.