जुनं घर विकताना: चुना की पुट्टी, कवेलू की टिन?

कापसाचे पैसे हाती आले की खेड्यात घर बघणारे फिरू लागतात. विकणाऱ्याला तेव्हा एकच घोर, या जुनाट घरावर आता किती घालायचे? आर्वीकडचं बाबांचं घर विकताना मी आधी चुकीच्या जागी पैसे घातले, म्हणून हे लिहितो आहे.

सर्वात जास्त पैसा भिंतीवर वाया जातो. मातीच्या जोडाईच्या भिंतीत जमिनीतली ओल चढतेच. चुन्यातून ती बाहेर पडून वाळते. पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट मारला की ती आत कोंडते. समोरची खोली मी पुट्टी मारून गुळगुळीत करून घेतली होती. श्रावणात गिऱ्हाईक आलं तेव्हा खालच्या दोन फुटांत लोना, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, फुटून पोपडे सुटले होते. त्या माणसानं पुढचं घर पाहिलंच नाही. मागच्या खोलीला फक्त कळीचा चुना होता, रात्रभर भिजवून, गाळून, नीळ टाकून दोन हात दिलेला. ती त्याच पावसात धड राहिली. तेव्हा मातीच्या भिंतीला चुनाच. पक्क्या विटांची, सिमेंटची, कोरडी भिंत असेल तर डिस्टेंपर चालेल.

भेगांचं वेगळं आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि घर तिरपं तडकतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. महिन्या-दोन महिन्यांत भेग खुणेपुढे गेली तर वरून सिमेंट थापू नका, गिऱ्हाइकाला दाखवा आणि भावात कमी करा. साध्या पाहणीत न दिसणारा आणि आपल्याला ठाऊक असलेला मोठा दोष सांगणं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार विकणाऱ्यावर बंधनकारकच आहे. कायदा नसता तरी, त्या घरात उद्या कुणाचीतरी लेकरं निजणार आहेत.

छपरासाठी माझं मत कवेलू, म्हणजे कौलं, फेरून घेण्याचं. फुटके बदला, किडलेला एखादा वासा बदला, गळती थांबली की पुरे. वांदरं कवेलू टिकू देत नाहीत म्हणून गावोगाव टिन आलं, हे खरं. पण टिनाचा खर्च मोठा, मे महिन्यात खाली बसवत नाही, आणि घेणारा बहुधा छप्पर आपल्या मनासारखंच करतो. तो खर्च त्याच्यावर सोडा.

जमिनीला टाइल्स नकोच. शहाबादी फरशी घासून सांधे भरा.

सागवानी दारं-चौकटींना मात्र ऑइलपेंट फासू नका. जुना रंग खरवडून जवसाचं तेल द्या. लाकूड दिसलं की पारखी माणूस दारापाशीच थांबतो. आमच्याकडे भावाची बोलणी तिथूनच पुढे सरकली.

हे सगळं घर राहायला घेणाऱ्यासाठी. घर पाडून नवं बांधणारं गिऱ्हाईक असेल तर चुनाही नको, म्हणून ते आधीच विचारून घ्या. अशा माणसाला कागद आणि हद्द हवी असते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 कर आकारणीचा असतो, तेवढ्यानं मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवा. आणि सांदवाडीतलं, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतलं, झुडूप तोडून चारही कोपरे मोकळे करा, म्हणजे घेणाऱ्याला जागा पायानं मोजता येईल.